डेकची जाळी दर वर्षी का सुटते : लहान कुत्र्यांसाठी कठड्याची दुरुस्ती

ठाण्यात घोडबंदर रस्त्यावरच्या टॉवरमध्ये दिवाणखान्याला जोडून मिळणारा उघडा डेक असो, टेरेस फ्लॅटच्या फरशीवर डब्ल्यूपीसीच्या, म्हणजे लाकडाचा भुसा आणि प्लास्टिक यांच्या मिश्रणाच्या, पट्ट्या टाकून केलेला उंच डेक असो, किंवा खारघर-नेरूळकडच्या रो हाऊसमागे जमिनीपासून दीड-दोन फूट उचललेला लाकडी डेक असो, घरात पोमेरेनियन, शित्झू, डॅशहंड किंवा चिवावासारखा लहान कुत्रा असला की तक्रार बहुधा एकच ऐकू येते. कठड्याला जाळी लावून घेतली, काही महिने निर्धास्तपणे गेले, आणि पावसाळा संपता संपता खालच्या कोपऱ्यात आधी बोटभर आणि मग मूठभर फट पडली. जाळीवाल्याला बोलावले, त्याने नवे केबल टाय मारून दिले, आणि पुढच्या दसऱ्याला तीच फट त्याच कोपऱ्यात पुन्हा दिसू लागली.

अशा जाळ्या जवळ बसून तपासल्या तर त्या क्वचितच फाटलेल्या आढळतात. त्या सुटलेल्या असतात, आणि तेही बहुतेक वेळा खालच्या कडेला किंवा कठड्याच्या दोन बाजू जिथे मिळतात त्या कोपऱ्यात. त्यामुळे आणखी जाड जाळी विकत आणण्यापूर्वी जाळी गजांच्या कोणत्या बाजूला लावली आहे, खालच्या कडेला तिला कशाने दाबून धरले आहे आणि ज्या वस्तूने ती बांधली आहे ती ऊन-पाऊस किती काळ सोसते, या तीन गोष्टी पाहाव्यात. मोठ्या कुत्र्याच्या बाबतीत कठड्याच्या उंचीचा प्रश्न अधिक महत्त्वाचा असतो. लहान कुत्र्याच्या बाबतीत मात्र जमिनीपासूनच्या पहिल्या दोन फुटांतच बहुतेक सगळा धोका साठलेला असतो.

आधी डेकची स्वतःची उंची तपासावी

गच्चीच्या फरशीला पाणी वाहून जाण्यासाठी उतार दिलेला असतो. त्यावर सपाट डेक करायचा म्हणजे खाली लोखंडी किंवा ॲल्युमिनियमची चौकट उभारून पट्ट्या सहा-आठ इंच वर उचलाव्या लागतात. काम देखणे होते, परंतु कठडा आपल्या जागीच राहतो. मूळचा साडेतीन फुटांचा कठडा आठ इंच उंचीच्या डेकवरून मोजला तर ३४ इंचांचाच भरतो. माणसासाठीसुद्धा ही उंची कमीच आहे, पण कुत्र्याच्या दृष्टीने झालेला बदल त्याहून मोठा आहे. अनेक इमारतींत कठड्याच्या तळाशी फूटभर उंचीची सिमेंटची भिंत असते आणि गज तिच्यावर सुरू होतात. डेक होण्यापूर्वी चिवावाचे नाक त्या भिंतीलाच लागत असे, आणि डेक झाल्यावर भिंतीचे जेमतेम चार इंच वर उरल्यामुळे गजांमधली मोकळी जागा थेट त्याच्या छातीसमोर येते. म्हणजे कठड्याला कोणीही हात लावलेला नसताना तो असुरक्षित झालेला असतो, आणि घरातल्या माणसांना ते जाणवत नाही, कारण त्यांच्या मनात कठड्याची जुनीच ओळख असते.

याच कामात आणखी एक जागा तयार होते, तिच्याकडे सुताराचे आणि घरमालकाचे सारखेच दुर्लक्ष होते. डेकची शेवटची पट्टी आणि कठडा यांच्यामध्ये पाण्यासाठी व पट्ट्यांच्या प्रसरणासाठी मोकळी चर सोडलेली असते. ती अर्ध्या इंचाची असेल तर चिंता नाही, परंतु पट्टीच्या रुंदीचा हिशोब चुकल्यास ती दोन-तीन इंचांची होते, आणि धावत आलेल्या कुत्र्याचा पुढचा पाय तिच्यात अडकू शकतो. सर्व मापे गच्चीच्या फरशीपासून न घेता डेकच्या पृष्ठभागापासून घ्यावीत आणि ही चरही त्या मापांत धरावी.

काचेचा कठडा असलेल्या नव्या इमारतींत फट वेगळ्या ठिकाणी असते. काच अखंड असल्याने सगळे बंद आहे असे वाटते, परंतु काचेच्या खालच्या कडेखाली आणि दोन काचांच्या मध्ये पाण्यासाठी व जोडणीसाठी मोकळी जागा ठेवलेली असते. जमिनीवर आडवे पडून तोंड खुपसण्याची सवय असलेल्या डॅशहंडला ती लगेच सापडते.

फट किती असली म्हणजे धोका

अमेरिकेतल्या निवासी बांधकामाच्या नियमावलीत डेकच्या कठड्यातून चार इंच व्यासाचा गोळा आरपार जाता कामा नये असे बंधन आहे, आणि आपल्याकडचे फॅब्रिकेटरही बहुधा गजांमध्ये तेवढाच गाळा धरतात. परंतु ते माप लहान मुलांच्या सुरक्षिततेसाठी ठरवलेले आहे. पूर्ण वाढलेला चिवावा किंवा तीन महिन्यांचे पोमेरेनियनचे पिल्लू त्यातून सहज बाहेर पडते, त्यामुळे ‘रेलिंग नियमाप्रमाणे आहे’ या उत्तरावर कुत्र्याच्या मालकाने समाधान मानू नये.

माप कुत्र्याचेच घ्यावे. दोन जाड पुस्तके त्याच्या डोक्याच्या दोन्ही बाजूंना, गालांच्या हाडांना हलकेच टेकवून उभी धरावीत आणि मधले अंतर टेपने मोजावे. त्याच पद्धतीने छातीची रुंदीही मोजावी. पोमेरेनियन आणि स्पिट्झ यांच्या बाबतीत केस फार फसवतात, म्हणून त्यांना आंघोळ घातल्यावर, अंग ओले असतानाच मोजावे. केसांच्या त्या गोळ्यातून निघणारा कुत्रा प्रथमच पाहणाऱ्याला आपल्या घरी एवढा बारीक प्राणी राहतो यावर विश्वास बसत नाही.

यातून दोन वेगवेगळे धोके लक्षात येतात. डोक्यापेक्षा मोठी फट असेल तर लहान कुत्रा, आणि विशेषतः पिल्लू, तिच्यातून पडू शकते. मुस्कटापेक्षा मोठी पण डोक्यापेक्षा किंचित लहान फट असेल तर तो पडत नाही, पण अडकतो; कारण जोर लावून डोके पुढे जाते आणि मागे घेताना कान व गालांची हाडे आडवी येतात. पुष्कळ घरांमध्ये पहिला धोका टाळण्यासाठी चार इंचांची फट मधे आणखी एक गज टाकून दोन इंचांची करतात आणि अशा रीतीने दुसरा धोका निर्माण करून ठेवतात. खालच्या दोन फुटांत कोणतीही फट एक इंचापेक्षा, म्हणजे कारागिरांच्या भाषेत आठ सुतांपेक्षा, मोठी नसावी आणि पिल्लू असेल तर ती अर्ध्या इंचावर आणावी, हे माप सर्वच लहान जातींना पुरते.

कुत्र्याचे डोके अडकलेच तर त्याला मागून ओढू नये. त्याच्या घाबरण्यामुळे मान पिळली जाते आणि सूज आल्यावर सुटका अधिक कठीण होते. एकाने त्याचे अंग खालून उचलून मानेवरचा भार काढावा, दुसऱ्याने गळपट्टा कापून टाकावा, केसांना खोबरेल तेल किंवा शाम्पू लावावा, कान एकामागून एक डोक्यालगत चपटे धरावेत आणि डोके ज्या तिरक्या कोनातून आत गेले असेल त्याच कोनातून मागे सरकवावे. गज पातळ नळीचे असतील तर मोटारीचा जॅक आडवा लावून त्यांच्यातले अंतर वाढवता येते. तेही न जमल्यास १०१ क्रमांकावर अग्निशमन दलाला कळवावे.

जाळी सुटते कशी

आपल्याकडे डेकला जी जाळी लावली जाते ती बहुतांशी कबुतरांसाठी असते. कबुतर बाहेरून येते, म्हणून जाळीवाला नायलॉनची जाळी कठड्याच्या बाहेरच्या अंगाने ताणतो आणि भिंतीत मारलेल्या हुकांना व गजांना बांधून टाकतो. तिच्यावर बाहेरून येणारा भार एका पक्ष्याचा, म्हणजे नगण्य असतो, आणि तेवढ्या कामासाठी ती पुरेशी आहे. कुत्रा मात्र आतून बाहेर ढकलतो. जाळी गजांच्या बाहेर असेल तर त्याच्या प्रत्येक धक्क्याबरोबर ती गजांपासून दूर जाते आणि सगळा भार केबल टायवर पडतो. जाळी गजांच्या आत असेल तर तोच धक्का तिला गजांवर दाबतो आणि भार लोखंड सोसते. दर वर्षी होणाऱ्या या दुरुस्तीचे मूळ माझ्या मते येथेच आहे, आणि जाळी बाहेरची आत न घेता केलेली दुरुस्ती कितीही मन लावून केली तरी एका हंगामापलीकडे टिकत नाही.

दुसरे कारण टायचे. पांढरे नायलॉनचे टाय उन्हातल्या अतिनील किरणांनी ठिसूळ होतात. एप्रिल-मेच्या उन्हात ते वाळतात, जूनच्या वाऱ्यात जाळी फडफडू लागली की त्यांना बारीक तडे जातात आणि सप्टेंबरपर्यंत अर्धे तुटून डेकवर पडतात. अतिनील-रोधक काळे टाय जास्त काळ टिकतात, परंतु कुत्र्याचा भार धरण्यासाठी तेही वापरू नयेत. ठाण्यात वर्षाला अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, त्यातला जवळजवळ सगळा चार महिन्यांत, आणि त्याच्याबरोबर खाडीवरून वारा येतो. अशा हवेत जी वस्तू हलते ती झिजते.

तिसरे कारण माणसे. डेकवर एसीचे बाहेरचे युनिट असते. मार्चमध्ये सर्व्हिसिंगला आलेला मुलगा युनिटच्या मागे हात जावा म्हणून जाळीचे चार टाय कापतो आणि जाताना दोन बांधतो. इमारतीला बाहेरून रंग लावणारे झुल्यावरचे रंगारी, इंटरनेटची तार ओढणारे, गळती शोधायला आलेले प्लंबर हे सगळे तेच करतात. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही, कारण जाळी उघडण्याची सोय आपणच ठेवलेली नसते. युनिटच्या मागचा भाग स्वतंत्र चौकटीत घेऊन त्याला स्क्रूने उघडणारी झडप दिली तर कापाकापीचे कारणच उरत नाही.

हल्ली बऱ्याच ठिकाणी दिसणारी न दिसणारी जाळी, म्हणजे ताणलेल्या स्टेनलेस स्टीलच्या तारांची इनव्हिजिबल ग्रिल, लहान कुत्र्यासाठी एकटी पुरेशी नाही. तिच्या तारांमध्ये दोन-तीन इंचांचे अंतर असते आणि मधोमध जोर दिल्यास दोन तारा एकमेकींपासून दूर सरकतात, म्हणजे टेपने मोजलेली फट आणि कुत्र्याला प्रत्यक्षात मिळणारी फट एकच नसते. ती वरच्या भागात ठेवून खाली दोन-अडीच फुटांपर्यंत वेगळी जाळी द्यावी.

टिकणारी दुरुस्ती

जाळीचे थान गजांवर ताणून बांधण्याऐवजी ॲल्युमिनियमच्या एक इंची चौकोनी नळीच्या चौकटी करून घ्याव्यात आणि प्रत्येक चौकटीत वेल्डमेश, म्हणजे तारा एकमेकींना वेल्ड केलेली चौकोनी घरांची जाळी, बसवावी. चौकटीची उंची अडीच फूट आणि लांबी चार फुटांच्या आत असावी, म्हणजे एका माणसाला ती उचलता येते. अर्धा इंच किंवा एक इंच घराची, १६ गेजची, म्हणजे साधारण १.६ मिलिमीटर तारेची वेल्डमेश लहान कुत्र्याला पुरते; १४ गेजची तार दोन मिलिमीटरची असते आणि चावण्याची खोड असलेल्या कुत्र्यासाठी तीच घ्यावी. षटकोनी घरांची कोंबडी-जाळी स्वस्त पडते म्हणून पुष्कळजण आणतात, परंतु तिची तार पातळ असते, कापलेली टोके डोळ्याच्या उंचीवर येतात आणि पग किंवा शित्झू यांच्यासारख्या बाहेर आलेल्या डोळ्यांच्या कुत्र्यांना ती विशेष धोक्याची आहे. वेल्डमेशचीही टोके मोकळी राहू नयेत. ती चौकटीच्या खाचेत जावीत किंवा त्यांच्यावर पट्टी यावी.

या चौकटी गजांच्या आतल्या बाजूला टेकवून उभ्या कराव्यात आणि गजांना स्टेनलेसच्या यू-क्लॅम्पने, लॉक नट लावून, धराव्यात. कठड्याला भोके पाडावी लागत नाहीत, त्यामुळे गंज आत शिरण्याला वाट मिळत नाही आणि पुढे घर सोडायचे झाल्यास सगळे उतरवताही येते. खालच्या कडेसाठी मात्र वेगळी तरतूद हवी, कारण कुत्रा नाक आणि पंजे तिथेच लावतो. चौकटीच्या खालच्या नळीला आणि डेकच्या पट्टीला एकत्र धरणारा ॲल्युमिनियमचा अँगल, म्हणजे काटकोनात वळलेली पट्टी, पूर्ण लांबीभर द्यावा, आणि त्याचे आडवे पान डेकच्या कडेपलीकडे नेऊन ती मोकळी चरही झाकावी. पाणी तुंबू नये म्हणून अँगलला फूट-फूट अंतरावर दोन-तीन सुतांची भोके ठेवावीत. काचेच्या कठड्याला यू-क्लॅम्प लावता येत नाही. तिथे हाच अँगल डेकच्या पट्टीवर बसवून त्याचे उभे पान काचेच्या खालच्या कडेपेक्षा दोन इंच वर न्यावे, आणि काच व धातू एकमेकांना लागू नयेत म्हणून मधे रबराची पट्टी द्यावी.

येथे एक गोष्ट कारागिराला आधीच बजावून सांगावी लागते. अँगलचे स्क्रू डेकच्या पट्टीत किंवा तिच्या खालच्या चौकटीतच गेले पाहिजेत. लांब स्क्रू किंवा रावळ प्लग वापरून गच्चीच्या फरशीत भोक पाडले तर वॉटरप्रूफिंग फुटते, आणि पहिल्याच जोराच्या पावसात खालच्या मजल्यावरच्या शेजाऱ्याच्या छताला ओल येते. डब्ल्यूपीसीत स्क्रू मारण्यापूर्वी पातळ बिटाने भोक पाडून घ्यावे, कारण थेट स्क्रू पिळल्यास पट्टीला कडेने चीर जाते. शिवाय ही पट्टी उन्हाने लांबीत वाढते आणि थंडीत आकसते; अँगलमधली भोके स्क्रूपेक्षा किंचित मोठी व लांबट ठेवली तर ती हालचाल स्क्रूवर येत नाही. ही लांबट भोके न ठेवणे हे खालची कड वर्षभरात ढिली होण्याचे सर्वांत सामान्य कारण आहे, आणि फॅब्रिकेटरला ते सांगितल्याशिवाय तो ती ठेवत नाही.

धातूंच्या निवडीत खाडीचा विचार करावा लागतो. वाशी, सीवूड्स, कोपरी किंवा कोलशेतच्या बाजूला हवेतला खार जास्त असतो. स्टेनलेस स्टीलच्या ३१६ प्रकारात मॉलिब्डेनम असते, ते खाऱ्या हवेतल्या क्लोराइडला ३०४ पेक्षा चांगले तोंड देते. त्यामुळे खाडीजवळच्या घरांत निदान क्लॅम्प आणि स्क्रू तरी ३१६ चे घ्यावेत. जीआय, म्हणजे जस्त चढवलेल्या लोखंडाची, वेल्डमेश घ्यायची असल्यास वेल्डिंग झाल्यानंतर जस्ताचा मुलामा दिलेली मागावी, नाहीतर सांध्यावरचा मुलामा वेल्डिंगमध्येच जळून गेलेला असतो आणि गंज तिथूनच सुरू होतो. जाळी कापल्यावर उघडी पडलेली टोकेही झिंक प्राइमरने रंगवून घ्यावीत. ॲल्युमिनियमच्या चौकटीत स्टेनलेसचा स्क्रू घालताना मधे नायलॉनचा वॉशर ठेवावा. दोन धातू खाऱ्या ओलाव्यात एकमेकांना टेकले की ॲल्युमिनियम झिजते, भोक मोठे होते आणि न तुटलेला स्क्रू आपोआप बाहेर येतो.

काही घरांत जाळीऐवजी पॉलिकार्बोनेट किंवा ॲक्रेलिकचे पारदर्शक पत्रे लावतात. दिसायला ते चांगले असले तरी वरच्या मजल्यांवर पावसाळी वाऱ्याचा पूर्ण दाब त्यांच्यावर येतो, आणि उन्हाळ्यात डेकवरची खेळती हवा बंद होऊन आधीच उकाड्याने धापा टाकणाऱ्या पगची स्थिती आणखी वाईट होते. मी तरी जाळीलाच पसंती देईन.

काम कठड्याच्या आतून आणि काढता येण्याजोगे असल्यामुळे इमारतीच्या दर्शनी भागात बदल होत नाही, तरीही सोसायटीच्या सचिवांना आराखड्यासह एक पत्र देऊन पोच घ्यावी. रंग कठड्याचाच ठेवला तर बहुधा कोणाची हरकत येत नाही.

काम झाल्यावर परीक्षा हातानेच घ्यावी. कुत्र्याच्या खांद्याच्या उंचीवर आणि अगदी तळाशी, दर हातभर अंतरावर, त्याच्या वजनाच्या दुप्पट वाटेल एवढा जोर देऊन बाहेर ढकलावे. कोठेही अर्ध्या इंचापेक्षा जास्त हालचाल दिसली तर तो क्लॅम्प त्याच दिवशी आवळावा. ही परीक्षा मे महिन्याच्या अखेरीस, नवरात्रात आणि प्रत्येक एसी सर्व्हिसिंगनंतर करावी.

चढायला पायरी मिळू नये

जाळी बंद झाली की कुत्रा वरून वाट शोधतो, आणि ती वाट आपणच मांडून ठेवलेली असते. कठड्यालगतच्या कुंड्या, बसण्याचा बाक, जुन्या वर्तमानपत्रांचा गठ्ठा आणि एसीचे युनिट यांच्यावरून लहान कुत्रा सहज कठड्याच्या वरच्या नळीपर्यंत पोहोचतो. उंची असलेली कोणतीही वस्तू कठड्यापासून निदान तीन फूट दूर ठेवावी. युनिट हलवता येत नसल्यास त्याच्या वरच्या बाजूला उतरता पत्रा बसवावा, म्हणजे त्यावर उभे राहता येत नाही. आडव्या नळ्यांचा कठडा ही तर तयार शिडीच असते, म्हणून तिथे चौकटी अडीच फुटांवर न थांबवता पूर्ण उंचीपर्यंत न्याव्यात. कुंड्या हलवतानाच त्यांतली कण्हेर, सायकस आणि डिफेनबेकिया बाजूला काढावीत. तिन्ही कुत्र्यांना विषारी आहेत आणि सायकसच्या बिया तर अतिशय घातक आहेत.

जाळी नसताना कुत्र्याला साखळीने कठड्यालाच बांधून ठेवण्याची पद्धत मात्र पूर्णपणे टाळावी. साखळी कठड्यापलीकडे जाण्याइतकी लांब असेल तर पडणारा कुत्रा गळपट्ट्याने फास बसून लटकतो. ती फारच आखूड ठेवून प्राण्याला दीर्घकाळ बांधणे हा १९६० च्या प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या कायद्याखाली गुन्हा आहे.

रो हाऊसचा बुटका डेक

दोन फुटांचा डेक बुटकाच, म्हणून त्याला कठडा नसला तरी चालते असे समजले जाते. खेळण्याएवढ्या जातींमध्ये, म्हणजे पोमेरेनियन, चिवावा वगैरेंमध्ये, उंचीवरून उडी मारल्यामुळे पुढच्या पायाची दोन्ही हाडे मनगटाजवळ मोडण्याचे प्रमाण पशुवैद्यांना चांगले परिचित आहे; त्या जागी रक्तपुरवठा कमी असल्यामुळे ही हाडे जुळायलाही त्रास देतात. खांद्याशी नऊ इंच उंच असलेल्या प्राण्यासाठी दोन फूट म्हणजे त्याच्या उंचीच्या अडीचपटीहून अधिक. डॅशहंडच्या लांब पाठीला तर अशा उड्यांमुळे मणक्यांमधल्या चकत्यांचा विकार बळावण्याची भीती असते. तेव्हा बुटक्या डेकलाही दीड-दोन फुटांचा कठडा द्यावा आणि उतरण्यासाठी पायऱ्यांच्या शेजारी उतार करावा. दीड फूट उंचीसाठी सहा फूट लांबीचा उतार सोयीचा पडतो, आणि त्यावर काथ्याची चटई किंवा खरखरीत रबराची पट्टी घट्ट बसवावी, कारण ओल्या डब्ल्यूपीसीवर पंजे ठरत नाहीत.

डेकखालची पोकळी हा वेगळा विषय आहे. पालापाचोळा, साचलेले पाणी आणि सांडलेले खाद्य यांमुळे तिथे उंदीर आणि घुशी राहायला येतात, त्यांच्यामागोमाग साप येतो, आणि उंदीर-घुशींच्या लघवीतून पसरणारा लेप्टोस्पायरोसिस हा आजार पावसाळ्यात कुत्र्यांना व माणसांनाही होतो. पोकळी चारही बाजूंनी अर्ध्या इंची वेल्डमेशने बंद करावी, जाळी जमिनीत वीतभर पुरावी, आणि एका बाजूला साफसफाईसाठी उघडणारी चौकट ठेवावी. कुत्र्याचे लेप्टोचे लसीकरण दर वर्षी पावसाळ्यापूर्वी करून घ्यावे. येऊरच्या पायथ्याशी राहणाऱ्यांनी आणखी एक लक्षात ठेवावे की संजय गांधी राष्ट्रीय उद्यानातील बिबट्यांच्या आहारात कुत्रे असतात आणि अडीच फुटांची जाळी त्यांच्यासाठी अडथळाच नाही. तिथे अंधार पडल्यावर कुत्रा डेकवर एकटा ठेवू नये.

पट्ट्यांमधल्या पाच-सहा मिलिमीटरच्या फटी साधारणपणे त्रास देत नाहीत, पण कुत्र्याची नखे वाढलेली असली तर ती त्यांत अडकून मुळाशी तुटतात, म्हणून नखे वेळच्या वेळी कापावीत. पट्ट्या धरणाऱ्या क्लिपा ढिल्या झाल्या की या फटी वाढतात. पट्टीवर पाय देऊन ती वाजते का ते ऐकावे. दुपारी डेक किती तापतो हे पाहण्यासाठी तळहाताची मागची बाजू पट्टीवर पाच ते सात सेकंद टेकवावी आणि ठेववत नसेल तर ऊन उतरेपर्यंत कुत्र्याला बाहेर सोडू नये. कृत्रिम हिरवळ घालण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. ती उन्हात पट्ट्यांइतकीच किंवा जास्त तापते, मूत्र धरून ठेवते आणि खालच्या फटी नजरेआड करते, त्यामुळे ती न घातलेलीच बरी.

भाड्याचे घर असल्यास

मालक कठड्याला काहीही लावू देत नसेल तर डेकवरच कुत्र्यासाठी स्वतंत्र कुंपण उभे करता येते. घडीचे लोखंडी पेन, म्हणजे तारांच्या पाट्या जोडून केलेले सुटे कुंपण, दोन फूट किंवा अधिक उंचीचे आणि उभ्या तारांमध्ये एक इंचापेक्षा कमी अंतर असलेले, बाजारात मिळते. ते कठड्यापासून फूटभर आत उभे करावे, म्हणजे त्यातून बाहेर आलेले नाकही कठड्यापर्यंत पोहोचत नाही. पेन हलके असल्याने कुत्रा ते ढकलत कठड्याकडे नेऊ शकतो, म्हणून त्याच्या चारही कोपऱ्यांना बाहेरून वाळूच्या पिशव्या लावाव्यात आणि शक्य असल्यास एक बाजू दाराच्या चौकटीला पट्ट्याने बांधावी. आडव्या तारा जवळजवळ असलेले पेन घेऊ नये, कारण पिल्ले त्यावर पंजे देऊन चढतात. उचलून फेकण्याइतका वारा सुटतो त्या जून-जुलैच्या दिवसांत पेन घडी करून घरात ठेवावे आणि त्या काळात डेकच्या सरकत्या दाराला दोन फुटांची आडवी फळी लावून कुत्र्याचे बाहेर जाणेच बंद करावे.